लग्नाचा कायदा की संसाराचा?

एडिथ व्हॉर्टन यांच्या 'द कस्टम ऑफ द कंट्री' या १९१३ सालच्या कादंबरीची चर्चा बहुधा नवश्रीमंत अमेरिकनांवरील उपरोध या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु या कादंबरीचे कथानक ज्या खुंटीवर टांगलेले आहे ती खुंटी कायद्याची आहे, हे साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते. नायिका अन्डाइन स्प्रॅग आपल्या न्यूयॉर्कवासी पतीपासून मोकळी होते ती न्यूयॉर्कच्या कायद्याने नव्हे. त्यासाठी ती डाकोटास जाऊन राहते, कारण तेथे घटस्फोट सुलभ आहे. पुढे एका फ्रेंच कॅथलिक सरदाराशी तिला विवाह करावयाचा असतो. पण त्या घराण्याच्या लेखी डाकोटाच्या कागदाला काडीचे मोल नाही. अमेरिकेत ती घटस्फोटिता, आणि रोमच्या चर्चच्या लेखी मात्र अजून दुसऱ्याची पत्नी. हा पेच सुटतो तो तिचा पूर्वीचा पती आत्महत्या करतो तेव्हा. एका कायद्याने त्या मृत्यूचा तिच्याशी काही संबंध उरलेला नाही. दुसऱ्या कायद्याने तोच मृत्यू तिला विधवा आणि म्हणून विवाहयोग्य ठरवतो. अखेरीस हा फ्रेंच पतीही नकोसा झाल्यावर ती नेवाडा राज्यातील रीनो या गावी जाते, आणि घटस्फोट व नवा विवाह एकापाठोपाठ एक उरकते.

कादंबरीच्या शीर्षकाला आपल्याकडे नेमका शब्द आहे: देशाचार. धर्मशास्त्रात देशाचार आणि कुलाचार हे दोन्ही शब्द येतात. माणूस जेथे राहतो तेथील रीत एक, आणि ज्या कुळात जन्मला त्या कुळाची रीत दुसरी. या दोहोंत विरोध आला तर कोणती मानावी, या प्रश्नाभोवती कायद्याची एक संपूर्ण शाखा उभी आहे. युरोपात १८५१ साली मान्चिनी या इटालियन विधिज्ञाने तूरिन येथील व्याख्यानात राष्ट्रीयत्व हेच आंतरराष्ट्रीय कायद्याचे अधिष्ठान मानले. त्या विचारातून पुढे जो संप्रदाय निघाला त्याने माणसाचा कौटुंबिक कायदा तो जाईल तेथे त्याच्याबरोबर जातो, असे धरले. म्हणजे कुलाचाराचेच एक मोठे रूप. इंग्लंड-अमेरिकेने उलट अधिवासाला, म्हणजे जेथे माणसाने कायमचे घर केले त्या भूमीला, प्रमाण मानले. म्हणजे देशाचार. आपल्या न्यायालयांत हे दोन्ही प्रवाह येऊन मिळाले आणि त्यांचे पाणी आजतागायत गढूळ आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या भानगडीत का पडावे? आमचे उत्तर सरळ आहे. न्यायालयाचा निवाडा हीसुद्धा संहिता असते, आणि 'घर', 'पत्नी', 'विवाह' या शब्दांचे अर्थ तेथे असे ठरतात की त्यापायी कोणाला पोटगी मिळते, कोणी तुरुंगात जाते. कादंबरीतील 'घर' या प्रतिमेवर आपण प्रबंध लिहितो. निवाड्यातील 'घर' मात्र वकिलांवर सोपवून मोकळे होतो.

रीनो हे गाव नेवाडातील वॉशो परगण्याचे ठाणे. अन्डाइननंतर अर्ध्या शतकाने, १९६४ च्या डिसेंबरात, याच परगण्याच्या न्यायालयातून निघालेला घटस्फोटाचा एक हुकूमनामा थेट जालंधरच्या दंडाधिकाऱ्यासमोर येऊन पडला. 'सत्या विरुद्ध तेजा सिंग' हा तो खटला. १९५५ साली जालंधरला झालेला विवाह, दोन मुले, १९५९ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेला पती. तो आधी न्यूयॉर्कला आणि मग युटाला राहिला. नेवाडात त्याचे ना घर ना दार. पण त्या राज्यात सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट मिळत असे, म्हणून तेवढ्यापुरता तो तेथला रहिवासी झाला. पत्नीने भारतात पोटगी मागितली तेव्हा त्याने हा कागद पुढे केला.

या प्रकरणात उच्च न्यायालय काय म्हणाले ते आम्हांस सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाइतकेच वाचनीय वाटते. उच्च न्यायालयाने पतीचा हुकूमनामा ग्राह्य धरला, कारण पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासामागून जातो. अर्थात पती नेवाडाचा झाला की जालंधरला दोन मुले घेऊन बसलेली, अमेरिका स्वप्नातही न पाहिलेली बाईदेखील नेवाडाची झाली! ही कल्पना उच्च न्यायालयाच्या पदरची नव्हती. घटस्फोटाचा अधिकार अधिवासाच्या न्यायालयाचा, असे प्रिव्ही कौन्सिलने सिलोनहून आलेल्या एका अपिलात १८९५ साली ठरवून टाकले होते, आणि विवाहित स्त्रीला स्वतंत्र अधिवास नसतो हे इंग्रजी कायद्याचे जुनेच गृहीत होते. आपल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम १५ व १६ मध्ये ते जसेच्या तसे आहे. विवाहाने स्त्रीला पतीचा अधिवास मिळतो आणि विवाह टिकेतो तो पतीमागे फिरतो. याला अपवाद दोन: सक्षम न्यायालयाने दोघांना विभक्त केले असेल, किंवा पती काळ्या पाण्याची शिक्षा भोगत असेल तर. (अंदमानपर्यंत मात्र बायकोने मागून जावे अशी अपेक्षा नव्हती, एवढी कायदेकर्त्यांची दया.) हा भाग हिंदूंना थेट लागू नाही, तरी धारणा तीच होती आणि ती इंग्रजी निवाड्यांच्या वाटेने सर्वत्र पोचली. 'दिल्या घरी सुखी राहा' असे आपल्याकडे मुलीला सांगत. इंग्रजी कायद्याने 'सुखी' हा शब्द गाळून उरलेले तत्त्व स्वीकारले. इंग्लंडने १९७३ च्या कायद्याने ही तरतूद मोडीत काढली.

१९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने नेवाडाचा हुकूमनामा नाकारला. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, आणि तो अजूनही मुळातून वाचावा असा आहे. पतीने नेवाडातील अधिवासाबद्दल त्या न्यायालयाची फसवणूक केली, आणि फसवणुकीने मिळवलेला परकीय निवाडा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार निर्णायक नाही, हा त्याचा गाभा. परंतु चंद्रचूड तेथे थांबले नाहीत. परकीय घटस्फोट केव्हा मानावेत यासाठी इंग्लंडने १९७१ मध्ये केला तसा कायदा भारताने करावा, असे त्यांनी सुचवले. विधी आयोगाने १९७६ मध्ये आपला ६५ वा अहवाल याच विषयावर दिला. कायदा मात्र झाला नाही.

जे संसदेने केले नाही ते मग न्यायालयाने केले. १९९१ चा नरसिंह राव खटला. योगायोग असा की हाही निकाल एका मराठी न्यायमूर्तींचा, परशुराम बाबाराम सावंत यांचा. १९७५ मध्ये तिरुपतीला विवाह, १९७८ पासून पतिपत्नी विभक्त. पतीने मिसुरी राज्याच्या एका न्यायालयातून, तेथे नव्वद दिवस राहिल्याच्या आधारावर, १९८० मध्ये घटस्फोट मिळवला. कारण दिले ते विवाह पुन्हा सांधता येणार नाही इतका मोडल्याचे. पुढे त्याने दुसरा विवाह केला आणि पहिल्या पत्नीने द्विविवाहाची फिर्याद गुदरली. सावंतांनी मिसुरीचा हुकूमनामा नाकारला आणि त्याबरोबरच पुढील सर्वांसाठी एक नियम घालून दिला: ज्या कायद्याखाली विवाह झाला त्याच कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने, त्याच कायद्यातील कारणांवर घटस्फोट दिला असेल तरच तो भारतात मानला जाईल. प्रतिवादी पक्ष परदेशातच कायमचा राहत असेल, किंवा त्याने तेथे स्वेच्छेने हजर होऊन खटला खरोखर लढवला असेल, तर तेथील न्यायालयाचा अधिकार मानता येईल. पण कारणे इकडच्याच कायद्यातील हवीत. त्यातून पूर्ण सूट एकाच बाबतीत, दोन्ही पक्षांची संमती असेल तर.

या निकालातील एका भागाबद्दल आम्हांस निखळ आदर आहे. परदेशातून नोटीस आली म्हणजे बाईला बाजू मांडण्याची संधी मिळाली असे होत नाही. तिला तेथवर जाण्याची, वकील देण्याची ऐपत आहे का, हेही पाहिले पाहिजे, असे सावंतांनी बजावले. नैसर्गिक न्याय हा शब्द कागदावरून उचलून त्यांनी तो विमानाच्या तिकिटापर्यंत नेला. आमचा आक्षेप आहे तो नियमाच्या दुसऱ्या अर्ध्याला, म्हणजे 'ज्या कायद्याखाली विवाह झाला' या शब्दांना.

मराठीत 'लग्न' आणि 'संसार' हे दोन निराळे शब्द आहेत. लग्न हा मुळात ज्योतिषातला शब्द. पूर्व क्षितिजावर राशी उगवण्याचा क्षण. ते लागते, आणि लागले की संपते. संसार करावा लागतो. तो वर्षानुवर्षे चालतो, त्याला भाडे असते, मुलांच्या शाळा असतात, शेजार असतो. १९९१ च्या नियमाने विवाहाचा कायदा लग्नाच्या क्षणाला बांधून टाकला. मंगलाष्टके जेथे झाली तेथला कायदा, मग पुढची तीस वर्षे पृथ्वीच्या पाठीवर कोठेही जावोत. आमचे म्हणणे एवढेच की, कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे ठरवताना लग्न कोठे लागले यापेक्षा संसार कोठे झाला हे आधी विचारावे.

आता एक उदाहरण कल्पू. पुण्यात वैदिक पद्धतीने विवाह झालेले जोडपे न्यू जर्सीत पंधरा वर्षे राहते. तेथे २००७ पासून न जुळणारे मतभेद हे घटस्फोटाचे कारण म्हणून मान्य आहे. पत्नी त्या कारणावर अर्ज करते. पती हजर राहतो, हुज्जत घालतो, पण संमती काही देत नाही. घटस्फोट मिळतो. न्यू जर्सीत ती मोकळी. पुण्यात मात्र ती अजून त्याची पत्नी, कारण हिंदू विवाह कायद्यात विवाह कायमचा मोडला हे कारणच नाही. (ते आणण्यासाठीचे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले, पुढे ते बारगळले. सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात या कारणावर विवाह संपवू शकते, हे २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाने स्पष्ट झाले. पण तो अधिकार पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाला नाही.) ती परत येऊन दुसरा विवाह करील तर द्विविवाहाची टांगती तलवार तिच्यावर. संमती न देणे हे पतीच्या हातातले आयते शस्त्र झाले. कायद्याच्या परिभाषेत अशा विवाहाला लंगडा विवाह म्हणतात, एका देशात उभा आणि दुसऱ्यात पडलेला. सोडून दिलेल्या पत्नीच्या संरक्षणासाठी घडवलेला नियम येथे सोडू पाहणाऱ्या पत्नीच्या पायांत येतो.

आणि गंमत अशी की त्या दोन्ही गाजलेल्या खटल्यांत या व्यापक नियमाची गरजच नव्हती. नेवाडात पहिल्या जोडप्याचा संसार एक दिवसही झाला नव्हता. नरसिंह राव खटल्यातील पतिपत्नी शेवटचे एकत्र राहिले ते लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सला. मिसुरीत कधीच नाही. संसाराची कसोटी लावली असती तरी दोन्ही हुकूमनामे तितक्याच निश्चितपणे नाकारले गेले असते. न्यायालयाने चोराला पकडले ते योग्य केले. पण जाता जाता सगळ्या गल्लीलाच कुलूप लावले.

कायदा माणसाबरोबर प्रवास करतो तेव्हा तो मायदेशातील कायद्याच्या बरोबरीने वाढत नाही, तो निघाला त्या दिवशीच्या वयाचाच राहतो. हे आपल्याला रखमाबाईंच्या खटल्याने कधीच शिकवायला हवे होते. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्या खटल्याची चर्चा आपण सुधारक विरुद्ध सनातनी अशीच करतो. पण मूळ प्रश्न कोणता कायदा लावायचा हाच होता. नांदायला भाग पाडण्याचा दावा ही इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतून आलेली चीज. हिंदू धर्मशास्त्रात असा दावा नाही, म्हणून आपण तो मान्य करणार नाही, असे न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये म्हटले. अपिलात ते फिरले, आणि १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. याच सुमारास स्वतः इंग्लंडने काय केले होते? असा हुकूम मोडणाऱ्याला कैदेत टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच काढून टाकली होती. आपल्याकडे ती १९२३ पर्यंत राहिली. इंग्लंडने तो दावाच १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे, आणि आता त्याला आपण भारतीय संस्कृतीचा भाग समजतो. १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिणाऱ्या रखमाबाई १८८९ मध्ये त्याच इंग्लंडला डॉक्टर होण्यासाठी गेल्या, हे मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांची अवस्था याच्या उलट बाजूने तशीच आहे. १९९५ ला निघालेल्याच्या मनातील महाराष्ट्र १९९५ चाच राहतो, हे आपण त्यांच्या गणेशोत्सवात पाहतोच. उत्सवात ते गोड वाटते. विवाहाच्या कायद्यात गोठलेला काळ कोणाला तरी भोगावा लागतो.

२०१३ सालचा सोंदूर गोपाल खटला या गोंधळाचा उत्तम नमुना आहे. विवाह बंगळूरचा, पारपत्रे स्वीडनची, घर सिडनीचे, आणि पत्नीचा अर्ज वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात. हिंदू विवाह कायदा भारताबाहेर लागू होतो तो भारतात अधिवास असलेल्या हिंदूंनाच, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण ऑस्ट्रेलिया हा आपला अधिवास झाला आहे हे पतीला सिद्ध करता आले नाही, म्हणून अर्ज चालू शकतो, असा निकाल दिला. पत्नीच्या पदरात न्याय पडला याचा आनंद आहे. परंतु तो पडला तो पतीच्या मनात कायमचे घर कोणते होते या चौकशीतून. तिचे घर कोणते, हा प्रश्न पुन्हा दुय्यमच राहिला.

युरोपीय संघाने या प्रश्नाची सोडवणूक कशी केली ते पाहण्यासारखे आहे. तेथेही सगळे एकमताने झाले नाही. स्वीडनला आपल्या न्यायालयात परक्या देशाचा अधिक कडक घटस्फोट-कायदा लावणे मान्य नव्हते. म्हणून अखेर २०१० मध्ये चौदा देशांनी मिळून वेगळा नियम केला. 'रोम तीन' म्हणून ओळखला जाणारा हा नियम २०१२ च्या जूनपासून लागू आहे. पतिपत्नींना कायद्याची निवड करता येते, पण ती मोकाट नव्हे: दोघे जेथे राहतात तो देश, शेवटचे एकत्र राहिले आणि एक जण अजून राहतो तो देश, दोघांपैकी कोणाच्याही नागरिकत्वाचा देश, किंवा जेथे दावा लावला तो देश, एवढ्यांतूनच. निवड केली नसेल तर आधी पाहायचे ते सामाईक वास्तव्य, नागरिकत्व त्यानंतर. आणि निवडलेला कायदा स्त्री-पुरुषांना घटस्फोटाचा समान अधिकार देत नसेल तर तो बाजूला ठेवून न्यायालयाने आपलाच कायदा लावायचा. विवाह कोठे लागला हा मुद्दा या साऱ्या क्रमात कोठेच नाही! मान्चिनीच्या इटलीनेही हा नियम पहिल्या चौदांत राहून स्वीकारला.

निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल मात्र आम्ही युरोपीयांइतके निश्चिंत नाही. निवड लेखी, सही-तारखेसह हवी, असे तो नियम सांगतो. आपल्याकडे लग्नाच्या धामधुमीत मुलीपुढे कागद ठेवला जाईल आणि 'अगं, कर सही, नुसती फॉर्मॅलिटी आहे' असे सांगणारी मावशी प्रत्येक कार्यालयात हजर असेल. म्हणून निवड करू द्यायची तर ती विवाहाच्या वेळी नव्हे, काही वर्षे संसार झाल्यावर, किंवा तो मोडताना. दुबईतील मराठी जोडप्यांपुढे अशी निवड आताच उभी आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी स्वतंत्र नागरी कायदा आहे. त्यात दोष सिद्ध न करता एका पक्षाच्या अर्जावर घटस्फोट मिळतो, आणि पतिपत्नींपैकी कोणालाही आपल्या मायदेशाचा कायदा लावण्याची मागणी करता येते. ही मागणी वेळीच करावी लागते हे किती जणींना ठाऊक असेल?

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप घरातूनच येतो. 'लग्नाचा कायदा' नेहमीच स्त्रीच्या विरुद्ध जातो असे नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग आजही चालतो, आणि विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होऊन पत्नी निम्म्याची मालकीण ठरते. हिंदू विवाह कायदा तेथे लागू केलेला नाही. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पत्नीच्या हक्काचे स्वरूपच बदलते. अलीकडे घटस्फोटानंतर बहुतांशी पोटगीवर अवलंबून राहावे लागते, पलीकडे निम्मा वाटा. या संहितेखाली विवाह झालेली गोमंतकीय स्त्री पतीबरोबर पुण्यास येऊन राहिली तर आमच्या कसोटीने तिने तो निम्मा वाटा सोडावा काय? मुळीच नाही. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात सांगितले आहे, आणि ते आम्हांस पटते. जुन्या काळी प्रिव्ही कौन्सिलही स्थलांतरित हिंदू कुटुंब आपला कायदा बरोबर नेते असे मानत असे, आणि त्यामुळे मुंबईकडच्या, बहिणीलाही वारस मानणाऱ्या मयूखाच्या उदार नियमांचा लाभ दूर गेलेल्या काही स्त्रियांना झाला असणार. तेव्हा मालमत्तेत एकदा मिळालेला हक्क स्थलांतराने जाऊ नये; आमची कसोटी आहे ती विवाह टिकला की संपला एवढ्या प्रश्नापुरती. मुलांच्या ताब्याचा प्रश्न याहून बिकट आहे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि त्याची चर्चा येथे दोन ओळींत उरकणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. विवाह करून मुलीला परदेशी नेले, तीन महिन्यांत पारपत्र काढून घेऊन भारतात आणून सोडले, आणि मागे वळून पाहिले नाही. असे प्रकार काल्पनिक नाहीत. विधी आयोगाचा २००९ चा २१९ वा अहवाल याच पार्श्वभूमीवर लिहिला गेला. येथे शेवटचे एकत्र वास्तव्य परदेशातील ठरते आणि आमची कसोटी तिला नेमकी त्याच माणसाच्या देशात ढकलते. हे आम्ही नाकारत नाही. तीन महिन्यांना संसार म्हणता येत नाही, एवढे उत्तर पुरेसे नाही. सहा महिन्यांना म्हणावे की दोन वर्षांना, हे कोणीतरी ठरवलेच पाहिजे. आमच्या मते किमान दोन वर्षे दोघांचे स्थिर वास्तव्य नसेल तर जिच्याविरुद्ध दावा लावला आहे तिच्या राहत्या जागेचा कायदा लावावा. यात पतीवर क्वचित अन्याय होईल. होऊ द्यावा. भारतात परतलेल्या पत्नीला आपण राहतो तेथे अर्ज करण्याची मुभा २००३ च्या दुरुस्तीने दिलीच आहे. आम्ही तीच वाट थोडी पुढे नेत आहोत.

असे आकडे ठरवणे हे न्यायालयाचे काम नव्हे, म्हणूनच चंद्रचूडांनी १९७४ मध्ये संसदेकडे बोट दाखवले होते. २०१९ मध्ये राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक आले; विवाहानंतर तीस दिवसांत नोंदणी, न केल्यास पारपत्र जप्त होऊ शकेल, असा त्याचा रोख होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ वा अहवाल दिला. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा या सर्वांसाठी एक व्यापक केंद्रीय कायदा करावा, ही त्याची मुख्य शिफारस आम्हांस मान्य आहे. त्याच अहवालात आणखी एक सूचना आहे: विवाहाची नोंदणी सक्तीची करावी आणि पतिपत्नींच्या पारपत्रांवर एकमेकांच्या पारपत्राचा व विवाहनोंदणीचा क्रमांक टाकावा. म्हणजे लग्न कोठे आणि केव्हा लागले हे सीमेवरच्या अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळेल. ती बाई गेली बारा वर्षे कोठे राहत होती, हे त्याने तिलाच विचारायचे आहे.